संशयाचा फायदा कोणाला? : फुटबॉलपटूंचा गुडघा आणि निदानाचा इतिहास



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास म्हटला की गड, तह आणि सनदा यांची अपेक्षा असते. आम्ही आज मानवी शरीराच्या एका सांध्याचा इतिहास मांडणार आहोत. तो सांधा म्हणजे गुडघा. आणि त्यातही पैशासाठी फुटबॉल खेळणाऱ्याचा गुडघा. कामगार संघटनेत वावरणाऱ्या माणसाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. ज्याचे पोट अंगमेहनतीवर चालते त्याच्या अंगाला इजा झाली म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. 'काय मोडले?' हा प्रश्न डॉक्टरपुढे जातो, आणि 'भरपाई कोणी करायची?' हा मालकापुढे. पहिल्याचे उत्तर जितके संदिग्ध, तितके दुसऱ्याचे उत्तर मजुराच्या विरुद्ध जाते. गिरण्या-खाणींच्या इतिहासात हे आम्ही पुष्कळ पाहिले. फुटबॉलच्या इतिहासातही तेच पानोपानी आढळते.

हा खेळ नागपूरकरांना परका नाही. कामठीची छावणी १८२१ सालची. गोऱ्या पलटणींबरोबर आलेला हा खेळ कामठीत आणि मोमिनपुऱ्यात असा रुजला की रब्बानी क्लब, यंग मुस्लिम क्लब ही नावे आज प्रत्येक क्रीडाप्रेमीच्या तोंडी आहेत. विजय बारसे यांनी २००१ साली याच शहरात झोपडपट्टीतल्या मुलांचे फुटबॉल सुरू केले आणि त्यावर बेतलेला 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली देशभर दाखवला गेला. या मैदानांवर धावणारी मुले उद्या करारावर खेळणार आहेत. त्यांच्या गुडघ्यांची चिंता आज करावयास हवी.

प्रथम गुडघ्याची रचना पाहू. खुब्याच्या सांध्याला खोल उखळी असते. हाडाचा गोळा तीत नीट बसतो. गुडघ्याला अशी उखळी नाही. मांडीचे हाड नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असते. दोहोंच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लवचीक चकत्या असतात, आणि सगळा डोलारा बंधांनी, म्हणजे खेळाडू ज्यांना 'लिगामेंट' म्हणतात त्यांनी, आवळून धरलेला असतो. दोन बंध बाहेरून दोन बाजूंना, आणि दोन सांध्याच्या पोटात एकमेकांना फुली मारून गेलेले. फुटबॉलपटू धावता धावता पाय जमिनीत रोवतो आणि धड वळवतो. त्या क्षणी सारा पीळ या फुलीवर येतो. ती तुटली तर पुष्कळदा 'कट्' असा आवाज येतो, काही तासांत गुडघा रक्ताने फुगतो, आणि वेदनेने स्नायू असे आखडतात की तपासणारा हात आतपर्यंत पोचत नाही.

यानंतर जे घडते ते फार फसवे आहे. काही आठवड्यांत सूज उतरते. माणूस सरळ चालू लागतो, जिना चढू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, बरा झाला. पण मैदानावर तो वळतो आणि गुडघा दगा देतो. चालताना दिसणारा माणूस आणि वळताना कोसळणारा माणूस एकच आहे, हे पाहणाऱ्याला पटत नाही. येथूनच संशयाला सुरुवात होते.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी गुडघा पाहिला नव्हता असे नाही. सुश्रुताने कोल्ह्याच्या डोक्यासारख्या सुजलेल्या गुडघ्याला 'क्रोष्टुकशीर्ष' असे नाव दिले आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार मोजले. पण बाहेरून जे दिसते त्याचेच हे वर्णन. सांध्याच्या पोटात काय घडते हे कळण्यास फार काळ जावा लागला. इंग्लंडमधील लीड्स शहरचे शल्यवैद्य विल्यम हे यांनी १८०३ च्या आपल्या ग्रंथात अशा गुडघ्याला 'अंतर्गत बिघाड' या अर्थाचे नाव दिले. हे नाव दीड शतकाहून अधिक चालले. त्याची इंग्रजी आद्याक्षरे 'आय-डी-के' अशी होतात, आणि डॉक्टरमंडळीच विनोदाने म्हणत की याचा खरा अर्थ 'आय डोन्ट नो', म्हणजे 'मला ठाऊक नाही'. विनोद प्रामाणिक आहे. मात्र डॉक्टरचे 'ठाऊक नाही' मालकाच्या दप्तरात पोचेपर्यंत 'काही झालेले नाही' असे होते, आणि तेथे हा विनोद संपतो.

१८४५ साली फ्रान्समधील लिऑंचे अमेदे बोने यांनी आवाज, रक्ताची सूज आणि दगा देणारा पाय ही आतला बंध तुटल्याची लक्षणे लिहून ठेवली. १८७५ साली जॉर्ज नुलिस यांनी, गुडघा किंचित वाकवून, मांडी एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली असता तुटलेला बंध कसा ओळखता येतो हे सांगितले. पद्धत सोपी होती. तिला ना यंत्र लागत होते ना पैसा. तरीही ती विस्मृतीत गेली. फिलाडेल्फियाचे जॉन लॅकमन तीच युक्ती पुढे विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे जगभर तिचा प्रसार झाला. मधल्या शंभर वर्षांत किती खेळाडू आणि किती मजूर 'ढोंगी' ठरले असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियेचा आरंभ खेळाडूंपासून झाला नाही, खाणकामगारांपासून झाला, हे फार थोड्यांना माहीत असते. एडिंबरोच्या टॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ साली गुडघ्यातली सुटलेली चकती प्रथम टाक्यांनी जागेवर बसवली. रोगी तीस वर्षांचा खाणमजूर होता. पुढे १८९५ साली लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी तुटलेले आतले बंध शिवले. तो रोगीही एक्केचाळीस वर्षांचा खाणमजूर. खाणीत माती कोसळून तो जायबंदी झाला होता. सहा वर्षांनी त्याने पाय भक्कम असल्याचे सांगितले. उमरेड, सावनेरच्या कोळसाखाणींत आणि मनसर, कांद्रीच्या मँगनीजच्या खाणींत ज्यांचे आप्त राबले त्यांना गुडघ्याचे मोल निराळे सांगायला नको. आज खेळाडूला मिळणाऱ्या उपचाराचा पाया मजुराच्या हाडामांसावर घातला गेला आहे.

हे १८९५ साल मोठे लक्षणीय आहे. त्याच वर्षी लीड्सला ती शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. आणि त्याच वर्षी आमच्या नागपुरात एम्प्रेस मिलने अपघातात सापडलेल्या कामगाराला भरपाई देण्यास प्रारंभ केला. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली आणि २००२ साली बंद पडलेली ही गिरणी. तिच्या भोंग्यावर अर्ध्या शहराने घड्याळे लावली. शस्त्र, किरण आणि भरपाई या तीन गोष्टी एकाच वर्षी जगात पुढे आल्या, पण त्यांची गाठ पडायला फार वेळ लागला. कारण क्ष-किरणांत हाड दिसते. चकती दिसत नाही, बंध दिसत नाही. कित्येक वर्षे जायबंदी माणसाच्या हातात 'हाड शाबूत' असा कागद पडत राहिला, आणि हाड शाबूत म्हणजे माणूस शाबूत असा त्याचा अर्थ लावला गेला.

कायद्यानेही जे डोळ्यांना दिसते तेच आधी मोजले. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला जोडलेले मूळ परिशिष्ट पाहावे. गुडघ्यापाशी किंवा त्याच्या वर पाय गेला तर कमाईची शक्ती ६० टक्के घटली; गुडघ्याखाली गेला तर ५० टक्के; एक डोळा गेला तर ३०; अंगठा गेला तर २५. जे तुटून वेगळे झाले त्याचा भाव ठरला. जागेवर असलेला, पण वळताना दगा देणारा गुडघा या यादीत नाही. यादीबाहेरच्या इजेसाठी कमाईची शक्ती किती घटली हे ठरवायचे, आणि ते ठरवताना पुन्हा वैद्यकीय मताकडे जायचे. राज्य विमा योजना नागपुरात १९५४ साली आली, तिच्यातही अपंगत्वाचे माप वैद्यकीय मंडळच ठरवते. मंडळापुढे बसलेला मजूर जे भोगतो आहे ते सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच असते.

या कायद्याच्या चौकटीत सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी गोष्ट सांगितली आहे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या दाव्यात डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने ठरवले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून ही हानी पूर्ण, शंभर टक्के, समजावी. इजा किती इंचांची यापेक्षा ती कोणाच्या शरीराला झाली हे पाहिले पाहिजे, असा याचा आशय आहे. हाच न्याय गुडघ्याला लावून पाहा. बंध तुटलेला कारकून टेबलाशी बसून नोकरी पुरी करील. तोच बंध फुटबॉलपटूचा तुटला तर त्याचे अवजारच मोडले.

पण फुटबॉलपटू हा कामगार आहे काय? तो तर खेळतो! हा आक्षेप जुना आहे, आणि त्याचे उत्तरही जुने आहे. इंग्लंडमध्ये क्रिस्टल पॅलेस क्लबचा वॉकर नावाचा खेळाडू आठवड्याला साडेतीन पौंडांवर खेळत असे. खेळताना जायबंदी झाल्यावर त्याने भरपाई मागितली. क्लबचे म्हणणे, हा कौशल्याने खेळतो, कोणाच्या हुकमाने नव्हे, म्हणून हा कामगार नाही. अपील न्यायालयाने ते मानले नाही. सराव कधी, कसा करावा, कोणाच्या आज्ञेत राहावे हे सारे क्लब ठरवतो. तेव्हा हा कामगारच, असा तो निकाल १९१० च्या न्यायनिर्णयांच्या संग्रहात छापला आहे. त्याच सुमारास, २ डिसेंबर १९०७ ला, मँचेस्टरमध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्या प्रमुखांपैकी बिली मेरेडिथ हा वेल्समध्ये लहानपणी कोळशाच्या खाणीत काम केलेला. खाणीतला मुलगा मैदानावर आला, आणि येताना संघटनेची सवय घेऊन आला.

आता गेल्या शतकाच्या मध्यावर येऊ. १९४० नंतर लिव्हरपूलचे मॅकमरे यांच्या नावाची, गुडघा वाकवून व पिळून चकतीचा आवाज ऐकण्याची परीक्षा रूढ झाली. चकती फाटली असा संशय येताच ती समूळ काढून टाकण्याचा प्रघात पडला, आणि खेळाडू काही महिन्यांत पुन्हा मैदानावर दिसू लागला. तेव्हा सर्वांनाच बरे वाटले. परंतु १९४८ साली फेअरबँक यांनी दाखवून दिले की चकती काढलेल्या गुडघ्याची हाडे पुढे झिजून बदलत जातात. क्लबला हंगाम मिळाला. खेळाडूच्या वाट्याला चाळिशीतला संधिवात आला. त्या संधिवाताच्या वेळी करार केव्हाच संपलेला असतो.

१९६२ हे वर्षही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मे महिन्यात टोकियोत मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून पाहत गुडघ्यातली चकती, फाटला तेवढाच भाग, काढली. दुर्बीण सांध्यात घालण्याचा पहिला प्रयोग त्यांचे गुरू ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहावर केला होता. चव्वेचाळीस वर्षांच्या चिकाटीचे हे फळ. आता सांध्याचे पोट न फाडता आत पाहता येणार होते. त्याच वर्षी २६ डिसेंबरला इंग्लंडमध्ये संडरलंडचा ब्रायन क्लफ प्रतिपक्षाच्या गोलरक्षकावर आदळून कोसळला. गुडघ्यातले बंध तुटले होते. तो चिखलात पडला असता प्रतिपक्षाचा एक खेळाडू पंचाला म्हणाला की हा सोंग करतो आहे, असे क्लफ पुढे आयुष्यभर सांगत राहिला. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करणारा हा खेळाडू १९६४ साली तीन सामने खेळून कायमचा थांबला. टोकियोत विज्ञानाला डोळा फुटला, त्याच वर्षी इंग्लंडच्या मैदानात जुना संशय तसाच उभा होता.

आज एमआरआय यंत्राने बंध दिसतो, चकती दिसते. मग निदानाची अनिश्चितता संपली म्हणावी काय? दोन उदाहरणे पाहू. एप्रिल २००० मध्ये हॉलंडचा रूड व्हान निस्टलरॉय साडेअठरा दशलक्ष पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे जाणार होता. युनायटेडच्या डॉक्टरांना गुडघ्याविषयी शंका आली, अधिक तपासण्यांस त्याच्या क्लबने नकार दिला, व्यवहार फिसकटला. थोड्याच दिवसांत सराव करताना त्याच गुडघ्याचा आतला बंध तुटला. एक पक्ष म्हणत होता तंदुरुस्त, दुसरा म्हणत होता संशयास्पद. आणि हे जगातल्या श्रीमंत क्लबांचे, उत्तम यंत्रांनी सज्ज डॉक्टर. वर्षभराने, एप्रिल २००१ मध्ये, तोच खेळाडू एकोणीस दशलक्ष पौंडांना त्याच क्लबात गेला आणि त्याने गोलांचा पाऊस पाडला. तुटलेल्या गुडघ्याची किंमत धडधाकट गुडघ्यापेक्षा अधिक निघाली!

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथे पन्नास ते नव्वद वर्षांच्या ९९१ माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की ज्यांची चकती फाटलेली दिसत होती त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिनाभरात गुडघ्याची काही तक्रारच नव्हती. ही माणसे उतारवयाची होती, खेळाडू नव्हती. तरी धडा घेण्यासारखा आहे. चित्रात फाटलेले दिसते पण दुखत नाही, आणि दुखते पण चित्रात स्पष्ट दिसत नाही, असे दोन्ही घडते. यंत्र सावली दाखवते; त्या सावलीचा अर्थ माणसालाच लावावा लागतो, आणि तो माणूस कोणाच्या पगारावर आहे यावर अर्थ पुष्कळदा अवलंबून राहतो. क्लबला खेळाडू सोडायचा असेल तर जुनी फाट मोठी दिसते. उद्याच्या सामन्यात खेळवायचा असेल तर नवी फाट लहान दिसते.

आपल्या देशात याचे स्वरूप थोडे निराळे होते. रेल्वे, पोलीस, बँका, टाटा, मफतलाल यांचे संघ असत. खेळाडू हा त्या संस्थेचा नोकर असे. गुडघा गेला तर खेळ जाई, पण हजेरीपटावरचे नाव राही. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. मुंबईचा आणि गोव्याचा क्लब तिच्यात पहिल्यापासून आहेत. पैसा वाढला, मान वाढला, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र आता नोकरीच्या जागी करार आला, आणि करार मुदतीचा असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये संदेश झिंगन याचा गुडघ्याचा बंध सराव सामन्यात तुटला आणि तो सारा हंगाम त्याला मुकावा लागला. तो नामांकित होता, पुन्हा उभा राहिला, मोठ्या क्लबात गेला. कामठीच्या मैदानावरून नुकत्याच निघालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कोण थांबून राहणार? शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने मैदानापासून दूर राहावे असे आजचे वैद्यक सांगते. नऊ महिने म्हणजे कित्येकांच्या कराराची सगळी मुदत.

नियम अगदीच नाहीत असे नाही. फिफाच्या नियमांतील अठराव्या कलमानुसार खेळाडूचा करार वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होण्याच्या अटीवर ठेवता येत नाही. तपासणी करायची ती सही होण्यापूर्वी. केवळ दुखापत झाली म्हणून मध्येच करार मोडणे हेही न्याय्य कारण धरले जात नाही. २००६ साली बायचुंग भूतिया यांच्या पुढाकाराने भारतातील खेळाडूंची संघटना स्थापन झाली. पण ज्याच्यापाशी लेखी करारच नाही त्याला कलम काय कामाचे?

म्हणून आम्ही या इतिहासातून चार गोष्टी काढतो. पहिली, दुखापत झाली त्याच दिवशी आवाज आला काय, सूज किती तासांत आली, पाय टेकवला काय, हे लिहून ठेवावे. मालिश करून किंवा हाड बसवणाऱ्याकडून ओढून घेऊन हा पुरावा घालवू नये. दुसरी, पहिल्या दिवसाच्या तपासणीवर शेवटचा निर्णय देऊ नये. सूज आणि वेदना ओसरल्यावर तोच गुडघा पुन्हा तपासावा. तिसरी, अहवालाची प्रत खेळाडूच्या हातात असावी आणि दुसरे मत क्लबच्या डॉक्टरव्यतिरिक्त, त्याने निवडलेल्या डॉक्टरचे असावे. चौथी, निदान पक्के होईपर्यंत वेतन चालू राहावे.

यांत डॉक्टरांविषयी अविश्वास नाही. विल्यम हे यांच्यापासून आजपर्यंत प्रामाणिक डॉक्टरने 'मला अजून खात्री नाही' असेच सांगितले आहे, आणि त्या वाक्याचा आम्ही आदर करतो. आमचा प्रश्न त्या वाक्यानंतरचा आहे. फौजदारी न्यायालयात खात्री नसली की संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. खून केल्याचा आरोप असलेल्यालाही मिळतो. गुडघा धरून मैदानावर बसलेल्या पोराने तर कोणताच गुन्हा केलेला नसतो. दोनशे वर्षे त्या संशयाचा तोटा त्याने सोसला आहे. येत्या हंगामात आपल्या शहरातल्या क्लबांच्या चालकांनी, आणि त्यांच्यावर वचक ठेवणाऱ्या तुम्हां प्रेक्षकांनी, एवढे पाहावे की जोपर्यंत निदान होत नाही तोपर्यंत पोराच्या शब्दावर विश्वास ठेवला जाईल.